मोठ्याने न सांगायचं माप

बंगल्यातल्या बाईंचा मला अजूनही राग येतो. त्यात दया वगैरे काही मिसळलेलं नाही. काकूलाही त्यांचा राग आहे, पण तिच्या रागाचं वळण वेगळं आहे. ते मला त्या दुपारी कळलं.

काका-काकूंचं बायकांचे कपडे शिवायचं छोटं दुकान आहे. पुढच्या बाजूला काकू माप घेते, पडद्यामागे काका कापतात. कोपऱ्यावरच्या दुकानात माप घेणारा आकडे ओरडतो आणि आत बसलेला लिहून घेतो. छाती, कंबर, दंड, सगळं थेट रस्त्यापर्यंत ऐकू जातं. मापासाठी उभी असलेली बाई तेवढा वेळ कुठेतरी तिसरीकडे बघत राहते. काकू लग्नाआधी कधीतरी अशीच उभी राहिली होती. आपल्या दुकानात माप मोठ्याने म्हणायचं नाही, ही तिने काकांना लग्नानंतर घातलेली पहिली अट. ती चिंधीवर खडूने आकडा लिहिते आणि चिंधी पडद्याखालून आत सरकवते. समोरच्या बाईला म्हणते, "झालं, हात खाली घ्या." टेपने काहीही सांगितलं असो, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

"आपण कपडे शिवतो की हेरगिरी करतो?" असं काका नव्या लग्नात विचारायचे म्हणे.

पण काकू मऊ आहे असं कोणी समजू नये. कापड काउंटरवर फेकणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती "या, बसा" म्हणते, ते कापड उचलते, नीट घडी घालते आणि मगच बोलायला लागते. तेवढ्यात फेकणाऱ्याचे कान लाल होतात. सौजन्य तिच्याकडे शिस्तीसारखं येतं. पहाटे उठायचं म्हणजे उठायचं, तसं.

बंगल्यातल्या बाईंनी एका समारंभासाठी भारी कापड आणलं होतं. माप झालं, चिंधी आत गेली, आणि बाई हळूच म्हणाल्या, "कमरेत कमीच ठेवा. मी बारीक होतेय." काकू "बरं" म्हणाली. तिथेच चुकलं. दुसरा कुठलाही शिंपी स्पष्ट म्हणाला असता, अहो बाई, बसणार नाही. काकूच्या तोंडून ते निघालं नाही. तिने ड्रेस बाईंनी सांगितला तसा तंग शिवला आणि शिवणीत भरपूर माया ठेवली, म्हणजे जास्तीचं कापड आत दुमडून राखलं. नाहीच बसला तर गुपचूप सैल करता येईल, असा तिचा हिशेब.

बाई अर्थातच बारीक झाल्या नाहीत.

त्या आल्या तेव्हा दुकानात मी होते, दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि दवाखान्याच्या मेट्रनबाई होत्या. मेट्रनबाई सगळ्या नर्सांच्या गणवेशांचं काम द्यायला आल्या होत्या. गेला महिनाभर घरात त्याच कामाची बोलणी चालू होती. ते मिळालं असतं तर काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन लांबणीवर पडलं नसतं.

"माप घेता येत नाही तर दुकान कशाला उघडलंत?" बाईंनी ड्रेस काउंटरवर आपटला. "शिंपीण आहात की खाटीक?"

"आत चला ना," काकू म्हणाली. "लगेच सैल करून देते."

"आत कशाला? सगळ्यांना कळू दे तुमचं काम कसं आहे ते."

काकूने ड्रेस उचलला आणि घडी घालायला लागली. मला वाटत होतं, बोल. एक आकडा बोल आणि संपव.

पडदा सरकला. काका कात्री हातात घेऊन बाहेर आले आणि बाईंच्या कमरेचं माप त्यांनी मोठ्याने सांगितलं. बाईंनी मागितलेलं मापही सांगितलं. "आता बोला, कोण चुकलं?"

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. कॉलेजच्या मुली फिसकन हसल्या. मेट्रनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. बंगल्यातल्या बाईंचा एक हात नकळत पोटावर गेला, आणि मग त्या ड्रेस तसाच टाकून पायऱ्या उतरल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"चांगली जिरली," मेट्रनबाई म्हणाल्या. "बरं, माझ्या पोरी उद्या पाठवते. चिंधी-बिंधीचे लाड नकोत हं. भराभर ओरडून मापं घ्या, म्हणजे ड्युटीवर वेळेत जातील."

"आमच्याकडे तसं होत नाही," काकू म्हणाली. "ओरडून हवं असेल तर कोपऱ्यावर दुकान आहे. काम चांगलं करतात ते."

"राग आला की काय?"

"हो, आला. तुम्ही हसलात त्याचाही आला. बसा, चहा मागवते."

मेट्रनबाई चहाला थांबल्या नाहीत.

"अगं, वेडी आहेस का तू?" काकांचा आवाज फुटला. "ती तुला खाटीक म्हणाली."

"मला म्हणाली ना? माझं मी बघितलं असतं." काकूने ड्रेस उलटा केला आणि ब्लेडने शिवण उसवायला घेतली, एकेक टाका खसाखस. "इतकी वर्षं बायका ह्या दारातून बिनघोर आत येतात. कशाच्या भरवशावर? तुम्ही तो भरवसा भर दुकानात विकलात, अहो. तोही आपली चूक नाही, एवढंच दाखवायला."

काकांनी हातातली कात्री काउंटरवर ठेवली.

ड्रेस सैल झाला, इस्त्री झाली, कागदात गुंडाळला गेला. काकूने तो काकांच्या हातात ठेवला. "तुम्हीच न्या. आणि माफी मागा. घरात कोणी असेल तर हळू आवाजात."

ते गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुडकं घेतलं आणि दार लावलं तोंडावर. साधं बरं म्हणाली नाही."

काकू दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

"मग? तुम्ही काय बक्षीस घ्यायला गेला होतात?"