वरची रांग, खालची रांग

“आधी हात, मग तोंड.” हे तिचं पालुपद. एवढ्या मोठ्या कॉलेजात शिकतेस आणि उंदरांची घाण काढतेस, असं कुणी हिणवलं तरी हेच. घरी भावाने खोडी काढली तरी हेच. बोलण्याआधी काम संपवायचं. काम संपलं की बहुतेक वेळा बोलायला काही उरत नाही, असा तिचा अनुभव होता.

पोर सायकल दुरुस्त करणाऱ्याची. पदवीचं दुसरं वर्ष. कॉलेजच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळेची इमारत होती आणि तिच्या तळमजल्यावर पांढऱ्या उंदरांची खोली. तिथं ती तास संपले की बिनपगारी राबायची. पिंजऱ्यातला ओला भुसा काढायचा, कोरडा पसरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. बाटली उलटी लावली की नळीच्या तोंडाशी बोटाने टिचकी मारायची, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि भरल्या बाटलीखाली मुकं जनावर तहानलेलं राहतं. उंदरांच्या शेपटीवर शाईच्या रेघा असत, कोण कोणता ते कळावं म्हणून. त्या पुसट झाल्या की पुन्हा काढायच्या. शिकलेल्या माणसाने करावं असं त्यात काही नव्हतं आणि न शिकलेल्याला ते कुणी करू दिलं नसतं.

“बिनपगारी, फुल अधिकारी!” भाऊ म्हणायचा. “काय साहेब, आज किती शेपट्या रंगवल्या?”

“तुझी तेवढी राहिली,” ती म्हणायची.

पगाराच्या जागी एक आशा होती. वर्ष सरताना प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शिफारसपत्र देतील. पुढे जिथं शिकायचं तिच्या मनात होतं, तिथं मॅडमच्या सहीला वजन होतं. बाकी तिच्यामागे ना ओळख, ना वशिला.

प्रयोग दादाचा होता. दादा म्हणजे मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करणारा, उंच, नेहमी अर्धवट झोपेतला. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवायचा. त्याच्याकडे भीती कमी करणारं एक औषध होतं. ते वरच्या रांगेतल्या उंदरांना मिळायचं आणि खालच्या रांगेतल्यांना साधं पाणी. गोंधळ नको म्हणून त्यानेच रांगा अशा लावल्या होत्या. मग आठवड्यातून एकदा परीक्षा. व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत उंच खांबावर अधिकच्या चिन्हासारखी फळी होती. तिच्या दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतीआड दडून बसायचा. ज्याची भीती गेली तो उघड्या फळीवर यायचा, टोकाशी जाऊन खाली डोकावायचा. वरच्या रांगेतले डोकावत होते. खालचे दडत होते. वर्षभर हेच चाललं होतं आणि मॅडम खूश होत्या. दादाची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपणार होती. त्याच्या घरी पाळणा हलायचा होता. लेख छापायला पाठवायचं ठरलं होतं.

पिंजरे परीक्षेच्या खोलीत न्यायचं काम तिचं. वरचे छातीच्या उंचीवर होते. ते ती उचलायची, पोटाशी धरायची आणि चालत न्यायची. खालच्या रांगेसाठी जमिनीपर्यंत वाकावं लागायचं, कंबर मोडायची. म्हणून ते ढकलगाडीवर ठेवून न्यायची. एवढीच सोय. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, तिलाही नाही.

त्या दिवशी ढकलगाडी जाग्यावर नव्हती. पिंजरे धुणारे मामा ती खाद्याची पोती आणायला फाटकाशी घेऊन गेले होते. दादा घड्याळ बघत होता. मग तिने खालचे पिंजरेही एकेक करून हातांनीच नेले.

पहिला उंदीर फळीवर सोडला. तो भिंतीआड गेला, थबकला आणि बाहेर आला. उघड्या फळीच्या टोकाशी जाऊन मिशा हलवत खाली बघू लागला.

“हा खालच्या रांगेतला?” दादा संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

“हो.”

दुसराही बाहेर आला. तिसरा तर येरझाऱ्या घालू लागला. दादाच्या मानेवर घाम दिसू लागला.

“काय केलंस तू यांना?”

“काही नाही, दादा.”

“शेपट्या परवा रंगवल्यास ना? मग पिंजरे बदलले. वरचे खाली गेले, खालचे वर.”

“मी एका वेळी एकच उंदीर काढते.”

“अगं, होतं असं! माझ्याकडूनही झालंय.” तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “उद्या सकाळी मॅडमना आकडे दाखवायचेत. विचार कर. नीट आठव.”

खरंच बदलले असतील का? माणसाला स्वतःच्या हातांवर संशय आला की त्याला उभं राहायला जागा उरत नाही. पिंजरे परत न्यायला ती व्हरांड्यात आली, तोवर मामांनी गाडी आणून ठेवली होती. सवयीने तिने एक पिंजरा गाडीवर ठेवला आणि ढकलला.

चाक कुरकुरलं. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उडत होती. उंदरांच्या खोलीच्या दाराशी पोलादी पट्टी होती, तिच्यावर चाक आदळलं तसा धडाड आवाज झाला. तिचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. घटकेपूर्वी फळीच्या टोकावरून डोकावणारा तो उंदीर भुशात चपटा होऊन पडला होता. कान मागे, डोळे थिजलेले, हलेना की डुलेना.

तिने वरच्या रांगेतला एक पिंजरा काढला, औषध पोटात गेलेल्याचा, आणि तोही गाडीवर ठेवून तेवढीच फेरी मारली. तोही तसाच. चपटा, ताठ.

आता घोडं कुठं पेंड खातंय ते तिला कळलं. उंदीर औषधाने धीट झाले नव्हते. एका रांगेला माणसाच्या पोटाची ऊब मिळत होती आणि दुसरीला खडखडाट. बाप आयुष्यभर चाकांची कुरकुर ऐकून दुखणं ओळखत आला आणि पोरीच्या कानाशी वर्षभर चाक ओरडत होतं. दिव्याखाली अंधार तो हाच.

तिने दादाला तिथंच सांगितलं. त्याने दार लोटून घेतलं.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“एक वर्ष, कळतंय का तुला? एक वर्ष गेलं माझं!” आवाज चढला आणि लगेच उतरला, जणू त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो स्टुलावर बसला. “हे बघ. शेपट्यांच्या खुणा चुकल्या म्हण. एवढंच म्हण. आजचे आकडे बाजूला काढू. मॅडम चार शब्द बोलतील आणि विसरतील. तुझ्या पत्राचं मी बघतो. माझा शब्द.”

“आणि गाडी?”

“कुठली गाडी?” तो म्हणाला. मग तिच्याकडे बघवेना म्हणून बूट बघत राहिला.

घरी बाप दुकानाच्या पायरीवर चाक फिरवून तारांचा ताण बघत होता. ती शेजारी बसली. खरं न सांगता विचारलं, “बाबा, वर्षभर एखाद्याची सायकल नीट केली आणि मग कळलं की आपणच चुकीचं बसवलंय काहीतरी, तर?”

“गिऱ्हाइकाच्या लक्षात आलंय?”

“नाही.”

“मग तर सांगायलाच पाहिजे,” बाप म्हणाला. “लक्षात आलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं.”

आतून भाऊ ओरडला, “चोराच्या मनात चांदणं! साहेब, उंदीर सुटले की काय?” आईने ताट पुढे केलं, तिने घास चिवडला आणि उठली.

सकाळी मॅडमच्या खोलीत तिघंच. मॅडम बुटक्या, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. आकड्यांवरून बोट फिरवत शेवटच्या ओळीशी थांबल्या.

“हे काय?”

दादा म्हणाला, “मॅडम, खुणांचा थोडा गोंधळ झाला असावा.” आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता. विनवणी होती, आणि धाकापेक्षा ती सोसायला जड होती.

“तू केलास?” मॅडमनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. एका होकारात तिचं पत्र, दादाचा लेख, सगळं मार्गी लागत होतं. वाईट दिसली असती ती फक्त तीच, आणि तेही चार दिवस.

“खुणा बरोबर आहेत,” ती म्हणाली. “मी पिंजरे चुकीचे वाहिले. वर्षभर.”

मग तिने ढकलगाडीचं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मॅडम उठल्या आणि खाली गेल्या. मागोमाग दोघं. त्यांनी स्वतः गाडीवर पिंजरा ठेवला, स्वतः ढकलला. पट्टीवर धडाड झालं. मग पिंजऱ्यावर वाकून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या.

“रांगा अशा कुणी लावल्या?”

“मी,” दादा म्हणाला. तेवढं मात्र तो सरळ म्हणाला.

“आणि मी वर्षभर खाली उतरले नाही,” मॅडम म्हणाल्या. “लेख जात नाही. सगळं पहिल्यापासून. पिंजरे मिसळून लावायचे, सगळे एकाच तऱ्हेने न्यायचे.” मग तिच्याकडे वळल्या. “तू नाही. कोणता उंदीर औषधाचा, हे नेणाऱ्याला ठाऊक नसलं पाहिजे. तुला आता प्रत्येकाचं तोंड ओळखू येतं. तुझं इथलं काम संपलं.”

तिने मान हलवली.

“पत्र लिहीन,” मॅडम जिन्याशी थांबून म्हणाल्या. “जे झालं तेच लिहीन. चूकही, बाकीचंही. ते वाचून तिकडचे तुला घेतील की दार लावतील, ते मला सांगता येत नाही.”

“चालेल, मॅडम.”

तिने अंगावरचा पांढरा कोट काढून खुंटीला लावला. दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यापाशी ती थांबली.

“दादा...”

“जा तू,” तो म्हणाला. “आत्ता नको.”

मामा धुण्याच्या खोलीच्या दारात पाण्याची नळी हातात धरून उभे होते. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. “पोरी, मला आधी सांगितलं असतंस तर चाकात तेल तरी घातलं असतं,” ते पुटपुटले. ती हसली आणि डोळे पुसले, दोन्ही एकदमच.

मग ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि उन्हातून फाटकाकडे चालू लागली. झोळी एका खांद्यावर, चाल ना घाईची ना रेंगाळती. मामा नळी बंद करायचं विसरून बघत राहिले, पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. वर खिडकीशी दादा येऊन उभा राहिला होता. ती फाटक ओलांडून दिसेनाशी होईस्तोवर तो उभा होता. त्याने हाक मारली नाही आणि तिने मागे पाहिलं नाही.