हजेरीचं अ‍ॅप आणि माझा मोकळा फोन

फोनमधला एक खेळ काढायला गेले तर उत्तर आलं, हे काढता येणार नाही. तो मी कधी मागवलाच नव्हता. फोनसोबतच आला होता. वस्तू माझी, आणि तिच्यात काय राहील ते ठरवणार दुसरंच कोणी! डोकं सणकलं. रविवारी पुरानी बस्तीतल्या घरी लॅपटॉपला केबल लावून बसले आणि फोन पार पुसून टाकला. त्यात नवीन प्रणाली घातली, जिच्या कोडची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते.

फोन सुरू झाला, पण वायफाय गेलं, कॅमेरा गेला, नकाशाला मी कुठे आहे ते कळेना. हे भाग चालवणारे प्रोग्राम कंपन्यांनी कुलपात ठेवलेले, आणि नेमके तेच मी घेतले नव्हते.

"चांगला फोन होता, काहून मोडून राहिली?" आई म्हणाली.

"मोडला नाही, मोकळा केला."

तिला ते काही पटलं नाही.

मी बीरगांवच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. थोड्याच दिवसांत तिथे फर्मान निघालं: हजेरी आता अ‍ॅपवर. माझ्या फोनवर ते चढेना, वर त्याला फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी हवी. मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं.

"मैडम, सबके फोन में चल रहा है।"

"सर, हाज़िरी के लिए इसको मेरे सारे नंबर क्यों चाहिए?"

"तो दूसरा फोन ले लीजिए।"

"हाज़िरी कंपनी को चाहिए, तो फोन भी कंपनी दे।"

बोलून बाहेर आले. घर माझ्याच पगारावर चालतं. पण शब्द मागे घेतला नाही. रोज वेळेवर जायची, काम करायची, आणि रोज गैरहजर लागायची. मग रोज सकाळी मॅनेजरना ईमेल: मी आले आहे, कामावर बसले आहे. शेवटी ते कंटाळले. गेटवर हजेरीसाठी कंपनीचा एक टॅबलेट लागला. गंमत म्हणजे, क्रेन चालवणारे भैया लोकही आपल्या फोनमधून ते अ‍ॅप काढून त्याच्यासमोर रांगेत उभे राहू लागले.

कॅमेरा अजून मेलेलाच आहे. भाचीच्या साखरपुड्यात आई वैतागली, "आता फोटो कोण काढील?" तिचाच फोन तिच्या हातात दिला. तिने काढले, निम्म्या लोकांची डोकी उडाली.

आणि पूर्ण जिंकले असंही नाही. नेटवर्कशी बोलणारी चिप आजही स्वतःचा बंद प्रोग्राम चालवते, त्यात काय चाललंय ते मला दिसत नाही. नाइलाज आहे म्हणून सोसते. गोड मात्र मानून घेणार नाही.