रिकाम्या कणगीत

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर पाझर तलावाच्या कामावर होतं. वडील खणायचे, आई मातीच्या पाट्या वाहायची आणि मी धाकट्या भावाला काखेला घेऊन बाभळीखाली बसायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. भाऊ अजून रांगतही नव्हता.

उन्हाळ्यात त्याला जुलाब लागले. वडिलांनी मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्याकडं हजेरी हाय, औषध न्हाई." दवाखाना लांब, तालुक्याला. डॉक्टरांना कामावरच्या पोरांची खबर नव्हती, आणि गावातले मास्तर ओस पडलेल्या शाळेत एकटेच बसून असायचे. जो तो आपल्या खात्यापुरता.

मग बातमी आली, की वरून हुकूम सुटलाय. डॉक्टर, नर्सबाई, मास्तर, तहसील कचेरीतला माणूस, सगळे एकाच जीपमधून येणार आणि पोरं तपासणार. बायकांच्या तोंडी त्या बातमीचं भलतंच झालं. सरकार अशक्त पोरं उचलून नेतं आणि परत देत नाही, असं जी ती सांगू लागली.

जीपचा धुरळा दिसला तशी आईनं पाटी टाकली आणि आम्हाला घेऊन घराकडं पळाली. घरातली ज्वारीची कणगी कधीच रिकामी झाली होती. तिनं मला आत उतरवलं, भावाला माझ्या मांडीवर दिलं आणि वरून झाकण लावलं.

"आवाज करू नको. न्हाईतर नेतील त्याला."

आत मिट्ट काळोख होता. शेणाच्या सारवणाचा वास नाकात भरत होता. भाऊ बारीक कण्हत होता आणि मी त्याच्या तोंडाजवळ हात धरून होते, ठेवू का नको ते कळत नव्हतं. दारात जीपमधल्या माणसांचे आवाज आले, त्यात मुकादमाचाही होता.

"बाई, तुमची लेकरं कुठायत?"

"आमच्यात लेकरं न्हाईत," आई म्हणाली.

तेवढ्यात कण्हणं थांबलं. मी त्याला हलवलं. हात उचलला तर तो तसाच खाली पडला. बाहेरची माणसं त्याला नेणार होती, आणि आत तो माझ्या मांडीवर जात होता. मला दुसरं काही सुचेना. मी कणगीच्या कुडावर दोन्ही मुठी आपटायला लागले.

"आई, ह्यो हलत न्हाई."

झाकण निघालं. डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "अंगातलं पाणी आटलंय. आत्ताच्या आत्ता नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं," ते म्हणाले. आईनं त्याला छातीशी आवळलं. देईना.

नर्सबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "तू पण चल ना. तुझ्याच मांडीवर राहील तो."

तहसीलच्या माणसानं तिथंच मुकादमाला बजावलं, की हिची हजेरी चालू ठेवायची. मास्तर माझ्यापाशी थांबले आणि जीप गेली.

ते दिवस मी आणि वडिलांनी कसे काढले, सांगता येत नाही. वडील जेवायला बसायचे आणि भाकरी हातात घेऊन तसेच राहायचे. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर नगरहून यायचा. नर्सबाई त्याच्याकडं निरोप द्यायची. "सलाईन लावलंय, पोरगं दूध प्यायला लागलं," असं तो सांगायचा. वडील मान डोलवायचे, पण विश्वास बसल्यासारखे दिसायचे नाहीत. मी तर आई पण गेलीच, असं धरून चालले होते.

एका दुपारी त्याच टँकरमधून आई उतरली. भाऊ तिच्या खांद्यावर झोपला होता. वडील पुढं गेले नाहीत, जागेवरच खाली बसले.

जीपच्या पुढच्या खेपेला आईनंच बायकांना गोळा केलं आणि लेकरं तपासायला पुढं केली. कामावर पोरांना सुकडी, म्हणजे गूळ-पिठाचा खाऊ, मिळू लागली. मास्तरांनी बाभळीखाली शाळा मांडली. मीही पाटी घेऊन बसायचे, पण माझं लक्ष अक्षरांत नसायचं. शेजारी झोळीत भाऊ निजलेला असायचा. मी दर थोड्या वेळानं उठायचे आणि त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायचे.  मी परत येऊन बसेपर्यंत मास्तर पुढचं अक्षर काढायचे नाहीत.