जुन्या नंबरचा चष्मा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. मुलाजवळही कधी बोललो नाही.

माझा नंबर बदलला की मी नवा चष्मा करायचो आणि जुना बायकोला द्यायचो. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. तिच्या आईनंही नवऱ्याचाच चष्मा वापरला होता. एकदा ती म्हणाली, "अहो, यानं डोकं दुखतं. माझे डोळे दाखवून येऊ या का?"

"तुला काय ऑफिसात फायली वाचायच्यात? होईल सवय."

तिनं सवय केली. तांदूळ बोटांनी चाचपून निवडायची. बसची पाटी शेजारच्या बाईला विचारायची.

पुढं मला मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झालं. माझा हात थरथरतो, म्हणून सुई तीच भरायची. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी उभी राहून सिरिंज उजेडात धरायची. चष्मा कपाळावर चढवायची, परत खाली ओढायची. सिरिंजवरच्या रेघा केसासारख्या बारीक.

एका सकाळी मला दरदरून घाम फुटला. जीभ जड झाली, भिंत हलायला लागली. तिनं साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणाले, "डोस जास्त गेला असणार."

त्यानंतर सुई टोचताना तिची बोटं दंडाला लागली की वाटायचं, आज संपलं. चष्म्याचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. तिला तिथं न्यायचं सोडून मी स्वतःसाठी इन्सुलिनचं पेन आणलं. आकडा फिरवायचा आणि टोचायचं. थरथरत्या हातालाही जमतं.

"माझं काही चुकलं का हो?"

"नाही गं. डॉक्टरांनीच बदललं."

तिला खरं काय ते कळलं होतं. ती माझ्या गोळ्यांना हात लावेनाशी झाली. गॅस पेटवताना सुनेला हाक मारायची. नातू झाला तेव्हा सून बाळ तिच्या मांडीवर द्यायला गेली, तर हिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नको बाई. माझ्या हातून काहीतरी व्हायचं."

मी समोर बसलो होतो. पेपर उघडून तोंडासमोर धरला. बाळाला तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही.

ती गेली तेव्हा माझाच जुना चष्मा तिच्या उशाशी होता. आदल्या संध्याकाळी तिचा हात माझ्या हातात होता, आणि एवढंच म्हणायचं राहून गेलं: तुझे हात कधीच चुकले नाहीत गं. मीच तुला नीट दिसू दिलं नाही. मला माफ कर.