गौरीच्या दिवशी डोंगरात हजेरी

मी बी.ए. झालो तो आत्यामुळे. कोकणातल्या आमच्या खेड्यात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून तिने मला तालुक्याच्या गावी स्वतःकडे ठेवून घेतले. ती लवकर विधवा झालेली. भाद्रपदात सवाष्णी पाणवठ्यावर गौर आणायला जात, तेव्हा ती उंबऱ्यातच थांबे. पण नियम सगळ्याजणी तिलाच विचारीत. तेरडा मुळासकट उपटायचा आणि घरी पोचेपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही.

नोकरी लागल्यावर मी घाटकोपरला खोली घेतली. पावसाळ्यात रविवारी आम्ही ऑफिसातले दहाबारा जण डोंगरात जात असू. कधी बोरिवलीच्या मागे, कधी मुलुंडच्या. म्होरके आमचे हेडक्लार्क. ढग उतरले की वाट दिसेनाशी होई. मग ते थांबून एकेकाला हाक मारीत आणि प्रत्येकाने ओ द्यायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी गौरी रविवारी आल्या. माझी बायको डोंगराच्या कुशीत वाढलेली, एका खोलीत तिचा जीव रमत नव्हता. गौर डोंगरातूनच आणीन, असा तिने हट्ट धरला. हेडक्लार्कनी बराच वेळ पान चघळून परवानगी दिली, पण बजावले की काही घोटाळा झाला तर पुन्हा कोणाचीही बायको बरोबर यायची नाही. ते ऐकल्यापासून ती आनंदातही होती आणि धास्तावलेलीही.

मुलुंडच्या मागचे उतार तेरड्याने गुलाबी झाले होते. धबधब्याखाली सगळे भिजलो, डबे एकत्र करून जेवलो. चढणीवर ती सगळ्यांच्या पुढे होती. निघताना तिने पाण्याकाठचा तेरडा उपटला, मुळे धुतली आणि तोंड मिटले.

अर्ध्या उतारावर ढग आले. हजेरी सुरू झाली. सगळ्यांनी ओ दिली. "वहिनी?" उत्तर नाही. पुन्हा हाक, आणखी मोठ्याने. हेडक्लार्क घाबरले, मग माझ्यावरच घसरले. मला तर नियमाचाही विसर पडला; हाका मारीत मी वर धावत सुटलो. तेवढ्यात त्यांच्या कानाशीच बांगड्या वाजल्या. ती त्यांच्या मागेच उभी होती, पदराखाली तेरडा धरून, डोळ्यांत पाणी आणून.

धापा टाकीत परत येऊन मी नियम सांगितला. हेडक्लार्कही कोकणातलेच. तेरड्याकडे बघून ते म्हणाले,

"गौर आहे होय. मग पुढं चल, मुली. आम्ही मागनं येतो."

स्टेशनापर्यंत सगळी टोळी तिच्यामागून गुपचूप उतरली. तिथे पोचल्यावर ते मला म्हणाले, "पुढच्या खेपेस सगळ्यांनी बायकांना आणा. निदान गप्प तरी राहतात."

"साहेब, ते फक्त आजच," आमच्यातला एक जण म्हणाला, आणि तिला हसू आवरेना. पण ओठ काही तिने उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला पत्र लिहिले:

"ती. आत्यास सा. न.

तुझी सून गौर घेऊन सुखरूप घरी आली. वाटेत बोलली नाही. रात्री मात्र सगळा डोंगर तिने मला पुन्हा सांगितला. पुढच्या वर्षी आणखी चौघीजणी यायच्या म्हणतात. तेव्हा एक विचारायचे आहे: गौर हाती असताना हाकेला ओ दिली तर चालते का? नसेल चालत, तर ढगात पाच मुक्या सवाष्णींची हजेरी कशी घ्यायची, ते हेडक्लार्कनी तुला विचारायला सांगितले आहे."