चाकसूच्या जत्रेतले चंदेरी घोडे

मंडळींनो, तासाभरापूर्वी चाकसूहून परतलोय. चीड जात नाही, म्हणून आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या फळ्यावर हा कागद लावतोय.

पडक्या हवेल्या आणि जत्रेतले जुने पाळणे यांचे फोटो काढायचं माझं वेड तुम्हाला ठाऊक आहे. शीतला मातेच्या जत्रेत हातानं फिरवायचा एक पाळणा आलाय. त्याचे लाकडी घोडे पार रंग उडालेले, माना पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. परवा ड्यूटीवरून येताना, रेल्वेच्या युनिफॉर्ममध्येच, मी पाळणेवाल्या काकाजींना सांगितलं की रविवारी फोटो काढायला येतो.

आज बघतो तर सगळे घोडे चंदेरी. जाड, ओघळलेला ऑइलपेंट, डोळेसुद्धा त्यात बुजलेले. वासानं मळमळलं. मानेवर हात ठेवला तर तळवा चिकटला.

"हे कोणी करायला सांगितलं?" मी हिंदीत विचारलं.

काकाजी गोंधळले. "साहब आते हैं तो रंग-पुताई तो होती ही है."

ते हौसेनं एकेका घोड्याशेजारी उभे राहिले. मी अख्खा रोल त्यावर संपवला आणि "बहुत बढ़िया" म्हणून निघालो.

बसमध्ये शिसारी आली ती स्वतःचीच. इन्स्पेक्शन आलं की स्टेशनातल्या दगडांना चुना आणि झाडांना गेरू गेली चौदा वर्षं मीच लावून घेतोय. साहेब "छान" म्हणतात आणि गाडीत बसतात.

तुमच्यापैकी जे साहेब आहेत त्यांनी खरं सांगा, तेव्हा तुम्हालाही असंच मळमळतं का?