गिरणीतला आवाज मोबाईलला कळेना

हे असताना एका सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा गिरणीतून ह्यांचा व्हॉइस मेसेज आला होता, "आक्काचं दळण पहिलं टाकतो. दुसऱ्याचं पीठ त्यात मिसळाय नको."

हे गेल्यापासून वराळ्यातली गिरणी मी चालवते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांना कमी ऐकू येतं, मेसेज कानाशी धरला तरी मोटरचीच घरघर येते. काल त्यांनी भावाचं बोलणं वाचायला मागितलं.

मी पोस्टसुद्धा मोबाईलला बोलूनच लिहिते, म्हणून मेसेज त्याला ऐकवला. एक वाक्यही नीट उमटलं नाही. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं, शब्द ताणून बोलतो. शांत बोलण्यावर शिकलेल्या यंत्राला ते जड जातं, असं मी वाचलंय. तुमचाही असा अनुभव आहे का?

मग तेच मी घरात सावकाश बोलले. लगेच लिहून आलं.

आक्का वाचून म्हणाल्या, "शब्द त्याचेच हायेत गं. पर त्यो वराडल्याबिगर कदी बोलला व्हय?"

घरात मला तसा आवाज लागेना. आज सकाळी आक्कांना गिरणीत नेलं, मोटर चालू केली आणि त्यांच्या कानाशी ते बोलणं ओरडून सांगितलं.